पापण्यांची चौकशी

त्यांचे डोळे जन्मापासूनच अर्धे मिटलेले होते. दुकानाचं शटर अर्धं ओढून मालक आत जेवायला बसावा, तशा त्यांच्या वरच्या पापण्या बुबुळांच्या मध्यापर्यंत उतरलेल्या असत. वडिलांचे तसेच, चुलत्यांचेही तसेच. घरातल्या लग्नात फोटोग्राफर "डोळे उघडा" म्हणून म्हणून थकायचा आणि शेवटी तसाच फोटो काढायचा, असं ते सांगत.

मी सोनईची. सहायक लोको पायलट म्हणून नगरला रुजू झाले आणि पहिलीच ड्यूटी या ड्रायव्हरकाकांबरोबर लागली. इंजिन चालवणारे जिथे हजेरी देतात त्या खोलीला आम्ही लॉबी म्हणतो. लॉबीच्या बाकावर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं आणि टेबलामागच्या क्लार्कला हळूच विचारलं, की यांची झोप पुरती झाली आहे ना. क्लार्क म्हणाला, त्यांचं सोडा, मॅडम, तुमची झाली का ते सांगा. मनमाडपर्यंत हा माणूस तुमचा डोळा लागू देणार नाही.

झालंही तसंच. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने तो मोठ्याने म्हणायचा आणि सहायकाने पुन्हा म्हणायचा, असा नियमच आहे. बाकीचे ड्रायव्हर तो पुटपुटत पाळतात. हे मात्र प्रत्येक सिग्नलवर शेरा मारत. "विळद होम हिरवा. हिरवा हाय म्हनून लई खूश व्हायचं न्हाई." होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. मी नुसतं "विळद होम हिरवा" म्हटलं तर ते थांबत आणि पुढचंही म्हणायला लावत. सिग्नल नसेल तेव्हा शेतं असत.

"डावीकडच्या वावरात काय हाय?"

"कांदा."

"काल काय हुतं?"

"कांदाच होता, काका."

"काल पानी चालू हुतं. आज बंद हाय. मोटार जळली का लाईट गेली?"

मला कसं माहीत असणार? पण परतीच्या फेरीत ते उत्तर मागत. मग मी बघायला लागले. शेजारच्या वावरात पाणी चालू असेल तर लाईट आहे, म्हणजे मोटारच जळली. दोन महिन्यांत नगर ते मनमाड रुळाच्या दोन्ही अंगांना कुणाची विहीर आटली, कुणी ऊस मोडून डाळिंब लावलं आणि कोणत्या वस्तीवर नवी सून आली, हे मला आमच्या गावापेक्षा जास्त ठाऊक झालं.

झोपेविषयी त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. झोप डोळ्यांतून येत नाही, मानेतून येते, असं ते सांगत. आधी मान जड होते, मग डोक्यातलं बोलणं थांबतं, आणि डोळ्यांना ही बातमी सगळ्यात शेवटी कळते. त्यामुळे ते खुर्चीला कधी टेकत नसत. ड्यूटीवर भात खात नसत आणि खाणाऱ्यावर त्यांचा विश्वास नसे. लॉबीत दारूची तपासणी करायला फुंकर मारायचं यंत्र आहे. त्यातून सुटलेल्या सहायकाला ते बाजूला घेऊन विचारत, "भात खाल्ला का?" एकाने खरं सांगितलं, तर मनमाडपर्यंत त्याला उभं ठेवलं. स्वतःला ते ड्रायव्हरच म्हणवत. पायलट विमानात असतो, आपण जमिनीवरची माणसं, असं त्यांचं म्हणणं.

इंजिनात झोपेवर लक्ष ठेवणारं एक यंत्र आधीपासूनच असतं. मिनिटभर ड्रायव्हरने कशाला हात लावला नाही, की दिवा लागतो. बटण दाबलं की यंत्राची खात्री पटते. नाही दाबलं तर भोंगा वाजतो आणि मग गाडीला आपोआप ब्रेक लागतो. ते सिग्नलशी बोलत, बगळ्यांशी बोलत, वायपरशीही बोलत. या बटणाशी मात्र अवाक्षर बोलत नसत. न बघता दाबत आणि हात काढून घेत. मला वाटायचं, सवय असेल.

मग नवं यंत्र आलं. ते एका खाजगी कंपनीचं होतं आणि चाचणीसाठी आमच्याच इंजिनांवर बसवायचं ठरलं होतं. ड्रायव्हरच्या समोर छोटा कॅमेरा. तो पापण्या बघणार, डोळे किती उघडे, किती वेळ मिटले ते मोजणार, आणि माणूस पेंगतोय असं वाटलं तर त्याला जागं करून लॉबीला कळवणार. त्याचं प्रशिक्षण दुपारच्या जेवणानंतर ठेवलं होतं. कंपनीचा इंजिनिअर पडद्यावर पेंगण्याचे पाच टप्पे दाखवत होता आणि समोरचे ड्रायव्हर ते एकेक करून पार करत होते. नमुन्याचा कॅमेरा टेबलावर ठेवलेला होता, पण त्याचं तोंड इंजिनिअरकडे होतं. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मते ते सत्र अतिशय सजग वातावरणात पार पडलं.

त्या हॉलमध्ये शेवटपर्यंत जागे असलेले एकमेव गृहस्थ म्हणजे आमचे काका. इंजिनिअरने नेमकं त्यांच्याकडेच बोट दाखवून सांगितलं, की हे बघा, अशांसाठीच हे यंत्र आहे.

पहिल्या फेरीला स्टेशन सुटलं आणि यंत्रातली बाई बोलली, "सावधान. आप सो रहे हैं."

काकांनी तिला आदराने उत्तर दिलं. "न्हाई बाई, जागा हाय."

थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली. यांनी पुन्हा सांगितलं. वांबोरी गेलं, राहुरी गेलं. ती म्हणे झोपलात, हे म्हणत जागा हाय. पुणतांब्याला त्यांनी नाद सोडला. "हिला सांगून उपेग न्हाई. हिनं ठरवलंय," एवढं म्हणाले आणि पुढचा सिग्नल पुकारला.

दुसऱ्या दिवशी लॉबीत अहवाल आला. त्या अहवालाप्रमाणे त्यांनी सगळी वळणं, अंकाईजवळचा चढ, तीन थांबे आणि समोरून आलेल्या एक्सप्रेसला वाट देणं, हे सगळं झोपेत पार पाडलं होतं. कुणालाही यात काही विचित्र वाटलं नाही. आमचे निरीक्षक म्हणाले, कागदावर आलं आहे म्हणजे कारवाई करावी लागणार. काकांना डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने नजर उत्तम, झोप उत्तम, पापण्यांची ठेवण जन्मजात, असं लिहून दिलं. मग कंपनीला विचारलं. कंपनीने कळवलं, की यंत्रात बदल करायला बराच काळ लागेल, त्यामानाने पापण्या वर उचलण्याची शस्त्रक्रिया किरकोळ असते. निरीक्षकांनी मधला मार्ग काढला. ते म्हणाले, ड्यूटीपुरती चिकटपट्टी लावून बघा.

काकांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून निरीक्षकांना म्हणाले, "ही पोरगी सोनईची हाय. हिच्या शेजारी शिंगणापूर. तिथल्या देवाला डोळं हायेत का, साहेब? नुसती शिळा हाय. तरी गावाला दारं न्हाईत."

निरीक्षक दर शनिवारी तेल वाहायला शिंगणापूरला जाणारे. त्यांनी चिकटपट्टीचा विषय सोडून दिला, पण एक नवा फॉर्म काढला. प्रत्येक फेरीनंतर सहायकाने त्यावर लिहायचं होतं, चालक सजग होता काय? होय किंवा नाही. मी पहिल्या दिवशी "होय" लिहिलं. निरीक्षकांनी मला बोलावून समजावलं, की तुम्ही नवीन आहात, यंत्र एक सांगतंय आणि तुम्ही दुसरंच लिहिताय, उद्या काही झालं तर तुमची नोकरी जाईल. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, "यंत्रानुसार नाही."

काका मागेच उभे होते. त्यांनी कागद उचलून वाचला, परत टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुझं." त्यानंतर मी रोज तसंच लिहीत गेले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मनमाडपर्यंत शेतांचे प्रश्न विचारणंही थांबवलं नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

ऊसतोडीचे दिवस होते. दुपारी आम्ही रिकामी मालगाडी घेऊन निघालो होतो. वांबोरी मागे पडली आणि गाडी चांगल्या वेगात होती. पुढे एक वळण येतं. वळणाच्या आत ऊस उभा असल्याने पलीकडचा रूळ दिसत नाही. उजवीकडच्या उघड्या रानात दहा-बारा माणसं होती. काका एकदम गप्प झाले. त्यांनी डोळे आणखी बारीक केले. यंत्रातली बाई बोलली, "सावधान. आप सो रहे हैं." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी ब्रेकचं हँडल शेवटपर्यंत नेलं आणि दुसऱ्या हाताने भोंगा धरला.

मला समोर काहीच दिसत नव्हतं. मी काचेवर आपटता आपटता राहिले. गाडी वळणात शिरली, आणि मग दिसलं. शेतातून शेतात जायच्या चोरवाटेवर उसाने भरलेली टायरगाडी, म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी, रुळात अडकली होती. एक बाई आणि एक माणूस बैलांच्या मानेवरची जुवाडी सोडवत होते. सुटत नव्हती, आणि बैल सोडून ती दोघं हलायला तयार नव्हती. मालगाडी लवकर थांबत नाही. मी मनातल्या मनात विजेचे खांब मोजत होते. दोन खांबांचं अंतर उरलं तेव्हा आम्ही थांबलो.

मला इंजिनातच थांबायला सांगून काका उतरले. रानातली माणसं आणि ते मिळून टायरगाडी रेटत होते. परत आले तेव्हा उसाच्या पानांनी हातभर ओरखडे उठले होते. म्हणाले, पाथर्डीकडचं जोडपं हाय, बैल जिवंत हायेत.

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं.

"रानातली मान्सं गाडी आली की गाडीकडं बघत्यात. रोजची आसली तरी बघत्यात. आज गाडीकडं कुनीच बघंना. समदी फुडं रुळाकडं बघत हुती."

चौकशी लागली. गाडी का थांबली यापेक्षा झोपलेल्या ड्रायव्हरने ती कशी थांबवली, हा कमिटीपुढचा मोठा पेच होता. लांब टेबलामागे तीन अधिकारी, बाजूला कंपनीचा इंजिनिअर, आणि कोपऱ्यात जबाब टाइप करणारा क्लार्क. पडद्यावर काकांचा चेहरा थांबवून ठेवला होता. मधले मोठे साहेब म्हणाले, की ब्रेक लागण्यापूर्वी चार सेकंद तुमचे डोळे पूर्ण मिटलेले होते. काकांनी सांगितलं, लांबचं बघायचं तर मी डोळे बारीक करतो. इंजिनिअरने मान हलवली. बारीक आणि मिटलेले यात यंत्र गल्लत करत नाही, असं त्याचं म्हणणं.

"तुम्ही झोपला होता हे सिद्ध आहे," मोठे साहेब म्हणाले. "मग ब्रेक कोणी लावला?"

"झोपंत लावला आसंल, साहेब. इतक्या वर्सांची सवय हाय."

कुणी हसलं नाही. क्लार्कने टाइप केलं, चालकाने झोपेत असल्याचे मान्य केले.

मग माझी पाळी आली. मी मात्र या वेळी घाबरले नाही. ब्रेक त्यांनी लावला, मला तर काही दिसलंही नव्हतं, असं स्पष्ट सांगितलं. साहेबांनी माझे फॉर्म समोर ठेवले. पहिला सोडला तर प्रत्येकावर माझ्याच चांगल्या अक्षरात लिहिलेलं होतं, यंत्रानुसार नाही. रोज झोपणारा माणूस नेमका त्याच दिवशी जागा कसा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते फॉर्म मी भीतीने लिहिले. हे वाक्य क्लार्कने टाइप केलं नाही.

महिन्याभरात निष्कर्ष आला. यंत्र बरोबर होतं. गाडीही वेळेवर थांबली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर ब्रेक सहायकाने लावला असला पाहिजे, कारण सहायकाच्या बाजूलाही आणीबाणीचा ब्रेक असतो. मी ते नाकारलं होतं, पण त्यालाही कमिटीने उत्तर शोधलं होतं. वयाने मोठ्या सहकाऱ्याची अब्रू राखण्यासाठी सहायकाने श्रेय घेण्याचे टाळले, असं लिहिलं होतं. मला प्रमाणपत्र मिळालं, प्रसंगावधान आणि विनयशीलता यांबद्दल. काकांना इंजिनावरून उतरवून लॉबीत बसवलं. निवृत्तीला चार महिने उरले होते. काम काय दिलं, तर लॉबीतल्या पडद्यावर बाकीच्या ड्रायव्हरांच्या पापण्या बघत बसायचं.

ते प्रमाणपत्र आमच्या वडिलांनी फ्रेम करून आणलं. बैठकीत लावलं. येणाजाणाऱ्याला ते दाखवत आणि मी आत निघून जाई. एका सुट्टीच्या दिवशी मी ते भिंतीवरून काढलं, पिशवीत घातलं आणि एसटीने मिरजगावला गेले. तिथून आत काकांची वस्ती आहे. काकूंनी चहा ठेवला. मी फ्रेम त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, हे तुमचं आहे.

त्यांनी सगळं वाचलं. किलोमीटरचा आकडा चुकलाय, तिथं वळण नाही, एवढंच म्हणाले. मला रडू आलं. मी विचारलं, की तुम्ही भांडत का नाही?

ते उठले आणि आतल्या पेटीतून एक शाल घेऊन आले. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कुणाकडूनही ऐकलं नव्हतं. खूप वर्षांपूर्वी, डिझेल इंजिनाच्या काळात, अशाच रिकाम्या मालगाडीवर दुपारच्या वेळी त्यांना विसापूरच्या अलीकडे झोप लागली. खरी, गाढ. सहायकही पेंगत होता. हात मात्र दर मिनिटाला बटण दाबत राहिला. यंत्राची खात्री पटत राहिली, ब्रेक लागला नाही. जाग आली तेव्हा विसापूर मागे गेलं होतं. सिग्नल हिरवा होता म्हणून कुणाला काही झालं नाही. त्याच वर्षी त्यांना निष्कलंक सेवेबद्दल ही शाल मिळाली.

"मी झोपलो तवा यंत्रानं जागा म्हनलं. आता जागा हुतो तर झोपला म्हनलं. माझं फिटलं," ते म्हणाले. "पन तुझं न्हाई फिटलं, पोरी. मी तवा तोंड उघडलं न्हाई, ते अजून मला बसू देत न्हाई. तू कागूद लिही."

मी त्याच आठवड्यात अर्ज केला. भीतीने भरलेले फॉर्म, माझा जबाब, सगळं लिहिलं, आणि इंजिनाच्या स्वतःच्या नोंदी तपासा असं मागितलं. कोणता ब्रेक कोणी ओढला हे इंजिन स्वतःच नोंदवून ठेवतं. चौकशीत ते कुणालाच आठवलं नव्हतं, मलाही नाही. निरीक्षकांनी अर्ज मागे घ्यायला सांगितलं. मग मला तीन महिने शंटिंगवर टाकलं, यार्डातल्या यार्डात डबे पुढेमागे करायला. वडील माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. दरम्यान काका निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मोठे साहेब सजगतेवर बोलले.

उत्तर आलं ते उन्हाळ्यात. मी पत्र घेऊन पुन्हा मिरजगावला गेले. दुपार होती. काका लिंबाखाली बाजेवर, खोडाला पाठ टेकून बसले होते. मला म्हणाले, चष्मा आत हाय, तूच वाच.

मी वाचायला लागले. इंजिनातील नोंदींनुसार आणीबाणीचा ब्रेक चालकाच्या हँडलनेच लावण्यात आला, ही बाब सत्य आढळली. एवढं वाचून मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. "फुडं," ते म्हणाले. तथापि, संबंधित चालक सेवानिवृत्त झाले असल्याने, तसेच सहायक चालकास दिलेले प्रमाणपत्र परत घेण्याची तरतूद नसल्याने, प्रकरण बंद करण्यात येत आहे. यंत्राची चाचणी समाधानकारक मानून ती अन्य मार्गांवर वाढवण्यात येत आहे.

पत्र संपलं. मी त्यांच्या शेऱ्याची वाट बघत राहिले. शेरा आला नाही. काकू दारातून हळूच म्हणाल्या, "आता उठवू नको. ऱ्हाऊ दे."

मला पटेना. मी वाकून नीट पाहिलं. श्वास संथ चालला होता, मान एका खांद्यावर कललेली. झोपले होते ते. आणि डोळे किंचित उघडे होते, जागेपणी असायचे त्यापेक्षा थोडे जास्तच.